छताला कालवं: जादूगाराचा मनोरा रचताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ, चालवणाऱ्या एकाने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा. चार खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलचे. समुद्रातल्या खडकावर जादूगाराचा सात मजली मनोरा, मजल्यागणिक एक राक्षस नाहीतर एक सापळा. तयारीत तीन आठवडे गेले आणि खेळ वीस मिनिटांत आटोपला, कारण पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतल्या, विझार्डने (मंत्र टाकणाऱ्या पात्राने) ‘फ्लाय’ हा उडायचा स्पेल टाकला, वरच्या खिडकीतून शिरला आणि बाकीच्यांना दोर सोडला. आता पुढचा मनोरा खरोखर धोकादायक हवा, पण सगळ्यांना मारून टाकायचं नाही. काय करू?

मी पंधराएक वर्षं रत्नागिरीजवळच्या आमच्या पडवीत डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोय. पुढचं सगळं पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरून लिहितो. तुझ्याकडे वेगळी आवृत्ती असेल तर आकडे बदलतील, बाकी चालेल.

त्या पोरावर चिडू नकोस. सात मजले, प्रत्येक मजल्याला एकच जिना वर जाणारा, म्हणजे ती एक लांब सरळ वाट झाली, फक्त उभी केलेली. अशा वाटेवर शहाणा माणूस शेवटाकडूनच शिरणार. आता तू खिडक्यांना जादूचं कुंपण घालायच्या विचारात असशील. ते नको. खेळाडूने कष्टाने मिळवलेला स्पेल तू ‘इथे चालत नाही’ म्हणून रद्द केलास की तो पुढच्या वेळी डोकं चालवायचं सोडतो.

उडू दे त्याला. फक्त महाग पडू दे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे तेवढे मोठे स्पेल टाकायच्या संधी, मोजून दोन. एक फ्लायवर गेला की फायरबॉलला, म्हणजे आगीच्या गोळ्याला, एकच उरतो, हा पहिला खर्च. फ्लायला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे मन त्यावर धरून ठेवावं लागतं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे अंगाच्या काटकपणावर टाकायचा बचावाचा फासा, लक्ष्य १० किंवा नुकसानाच्या निम्मं, यातलं जे मोठं ते. चुकला की खाली. पडण्याचा हिशेब दर १० फुटांना एक सहापैलू फासा, जास्तीत जास्त २०. सत्तर फुटांवरून सात फासे, सरासरी साडेचोवीस. या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट (किती मार सोसेल ते) साधारण २७ ते ३२ असतात. म्हणजे जगेल, पण खडकावर पाठ टेकून आभाळ बघत पडेल. त्याने ‘फेदर फॉल’, म्हणजे पिसासारखं अलगद पडायचा स्पेल, तयार ठेवला असेल तर तेवढंही होणार नाही, आणि ते त्याचं कौतुक. मार द्यायला माथ्यावर समुद्रगरुडाचं घरटं ठेव आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी माशांचे काटे, अर्धी खाल्लेली डोकी, पांढरी शिटलेली भिंत. हे सगळं होडीतून उतरतानाच सांगायचं. पुढे ‘मिस्टी स्टेप’, म्हणजे क्षणात दुसरीकडे प्रकट व्हायचा स्पेल, टाकायचा तर उतरायची जागा डोळ्यांना दिसावी लागते, आणि कोकणातला कुठला शहाणा माणूस समुद्राकडची खिडकी पावसाळ्यात उघडी ठेवतो? आपण पडवीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधतो तसं जादूगाराने बांधलं असेल. झापामागे काय आहे ते दिसत नाही, झालं काम.

वर मी ‘उतरतानाच सांगायचं’ म्हटलं, ते सहज म्हटलेलं नाही. मला या सगळ्या उत्तरात एवढीच गोष्ट सांगायची आहे: जो धोका खेळाडूंना आधी दिसू शकत होता, तोच खरा धोका. न दिसलेला म्हणजे निव्वळ अपघात, आणि अपघाताला कोणी घाबरत नाही, फक्त वैतागतं.

हे मला कळलं ते वाईट रीतीने. सुरुवातीच्या वर्षांतला माझा मनोरा. तिसऱ्या मजल्यावर साधं लाकडी दार, कडी लावलेली. माझ्या मावसभावाचा पॅलाडिन (धर्मयोद्धा), दीड वर्ष खेळवलेला, त्याने कडी काढली. मी फासे टाकले, पायाखालची जमीन सरकली, खाली भाले, आधीच जखमी होता, मेला. मी मनातून खूश होतो, काय सापळा रचलाय म्हणून. भावाने त्या पात्राच्या कागदाची चौपदरी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि आईला विचारलं, “मावशी, चहा झाला का?” पुढे दोन महिने तो आला नाही. भांडण नाही, रुसवा नाही, नुसता आला नाही. मी ती रात्र पुष्कळदा आठवून पाहिली आणि प्रत्येक वेळी एकच दिसलं. त्या दारासमोर त्याने वेगळं काही करावं, असं मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे करायला चूकच नव्हती.

आता याच्या उलट एक. गेल्या वर्षीचा पावसाळा, लाइट गेलेली, झोपाळ्याच्या कडीला चार्जिंगचा दिवा टांगलेला. पार्टी मनोऱ्याच्या तळघरात पोचली. मी खोली सांगितली: जांभ्याच्या भिंती, दहा फूट उंची. भिंतीला खुंट्या आहेत, पण एकीवरही काही टांगलेलं नाही. टेबल नाही, चटई नाही. जमिनीवर ओली वाळू. छताला कालवं (खडकांना धरणारी शिंपली) चिकटलेली. एवढं बोलून गप्प बसलो.

दोघेजण वाळूत पावलं शोधायच्या गोष्टी करत होते. एक मालवणचा पोरगा आमच्यात नवीन आला होता, त्याने मान वर केली. “वयर कालवां खंयसून इलीं?”

पडवीत कोणी बोलेना. कालवं फोडायला जो लहानपणी खडकांवर गेलाय त्याला हे सांगावं लागत नाही की भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंतच ती धरतात. छताला आहेत म्हणजे ही खोली भरते. पूर्ण भरते. मग दुसऱ्याने हळूच विचारलं, “दार कुठल्या बाजूला उघडतं?” मी म्हटलं, “आत.” म्हणजे आत भरलेलं पाणीच ते दाबून धरणार. तिसऱ्याच्या हातातला फासा सुटून झोपाळ्याखाली गेला आणि तो शोधायला कोणी वाकलं नाही. पाणी अजून थेंबभर आलेलं नव्हतं. मी एकही फासा टाकला नव्हता. पण त्या खोलीइतकं ती पोरं माझ्या कुठल्याही ड्रॅगनला घाबरली नाहीत.

तुझा मनोरा समुद्रात आहे, तर त्याच्यात समुद्र आण. तुझ्या सात राक्षसांपेक्षा भरती बरी, तिला हिट पॉइंट नसतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि वेळ चुकली की आत बसून राहावं लागतं. तीच युक्ती.

पाणी चढवताना सरळ हिशेब करू नकोस, खलाशांचा बाराव्या हिश्श्याचा ठोकताळा वापर. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मी एकूण चढ १२ फूट धरतो, म्हणजे भाग तितकेच फूट. (आपल्याकडे दक्षिणेला इतकं पाणी चढत नाही, मुंबई-अलिबागकडे जास्त. पण मनोरा काल्पनिक आहे, समुद्रही थोडा काल्पनिक चालेल.) याची गंमत टेबलावर बघ. दोन तास होऊन गेले तरी पाणी तीन फूट, कमरेला. खेळाडू म्हणतात, तासाला दीड फूट, अजून खूप वेळ आहे. आणि पुढच्या एका तासात ते सहा फुटांवर जातं. पाचव्या तासात ११ फूट, छत बुडालं. फसवलं कोणी नाही, समुद्र असाच चढतो.

वेळ मोजायला चिंचोके. दर दहा मिनिटांना एक. खोली नीट शोधायची, एक चिंचोका. कुलूप उघडायचं, एक. जखमा बांधत तासभर बसायचं, सहा. सगळे टेबलाच्या मधोमध ढीग करून ठेव आणि काढताना दुसऱ्या वाटीत आवाज होईल असा टाक. पूर्ण सहा तासांचे छत्तीस ठेवू नकोस, कंटाळा येईल. पार्टी पोचते तेव्हाच ओहोटी होऊन दीड तास झालाय असं धर, सत्तावीस उरतात.

इथे नियमांतली एक मेख सांगतो, कारण नवे लोक तिथे हमखास फसतात. लढाईत बुडवून मारता येईल असं वाटतं, येत नाही. या नियमांत श्वास एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा जोड इतकी मिनिटं धरता येतो. जोड दोन असेल तर तीन मिनिटं, म्हणजे सहा सेकंदांचे तीस राउंड. आपली लढाई पाच-सहा राउंडांत संपते. तेव्हा दम कोंडणं विसर, पाण्याचे बाकीचे त्रास वापर. मशाली विझतात. पूर्ण पाण्याखाली असलेल्याला आगीचं नुकसान निम्मंच होतं, म्हणजे जपून ठेवलेला तो एकुलता फायरबॉल अर्ध्या किमतीचा. ज्याला पोहण्याची चाल नाही त्याला खंजीर, भाला, त्रिशूळ, शॉर्टसोर्ड, जॅव्हलिन सोडून हातातलं कुठलंही शस्त्र डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरत) चालवावं लागतं. ग्रेटसोर्डवाल्या फायटरचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो.

आणि तुमच्यातल्या कोणी ‘वॉटर ब्रीदिंग’, म्हणजे पाण्यात श्वास घ्यायचा स्पेल, घेतला असेल तर? रिच्युअल म्हणून, सावकाश विधी करून, टाकला तर स्लॉटही जात नाही, दहा जणांना चोवीस तास पुरतो. तर शाबास म्हण. मग पाणी त्यांच्यासाठी सापळा उरत नाही, वाट होते, आणि ती वाट कुठे जाते ते तू आधी ठरवलेलं असलं पाहिजे. माझ्या मनोऱ्यात मधोमध विहिरीसारखं भुयार तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत जातं, त्यात रहाट. जादूगार झाला तरी त्याला पाणी लागतंच, सामान वर चढवावं लागतंच. म्हणजे आता जिना एक, रहाटाचं भुयार दोन, समुद्रगरुडाची खिडकी तीन. शिवाय चौथी वाट घाणीच्या मोरीची, ती कोणी निवडत नाही असं मला वाटायचं. दर वेळी कोणीतरी निवडतंच. मजल्यांचा क्रम मोडला की तुझ्या सरळ वाटेचं घर झालं.

मुख्य दार कसं ठेवावं हे शिकायला पुस्तकं उघडू नकोस, मालवणला जा. सिंधुदुर्गाची बांधणी १६६४ मध्ये सुरू झाली आणि साधारण तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. होडीतून जाताना तटच तट दिसतो, दार दिसत नाही, कारण ते तटाच्या वळणात लपवलंय. जंजिऱ्याचंही तसंच, जवळ गेल्याशिवाय दरवाजा ओळखू येत नाही. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. ज्याने तो किल्ला बांधला त्याने आधी विचार केला की आत माणसं राहणार आहेत. तुझ्या सात मजल्यांत मला स्वयंपाकघर दिसलं नाही. झोपायची जागा नाही. तुझा जादूगार खातो काय?

हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही, सापळे याच्यातूनच निघतात. माणूस राहतो त्या वाटेवर तो स्वतः रोज चालतो. मग तो स्वतःच्या सापळ्यात का सापडत नाही? उत्तर काहीही असो, त्याची खूण घरात उमटलेली असणार. माझ्याकडे एक जिना आहे, त्याच्या पायऱ्या डावीकडे झिजून खोलगट झाल्यात आणि उजवीकडच्या कडा कालच घडवल्यासारख्या धारदार. मी एवढंच सांगतो. जो डावीकडून चढतो त्याला काही होत नाही. जो घाईत उजवीकडून पळतो त्याच्या पायाखालची नववी पायरी आत वळते. इथे कोणी कागदाची घडी घालत नाही, उलट कपाळावर हात मारून म्हणतात, “सांगितलं होतं रे त्याने!”

जादूच्या सापळ्यांना पैसे लागतात हेही विसरू नकोस. ‘ग्लिफ ऑफ वॉर्डिंग’ला, म्हणजे छेडलं की फुटणाऱ्या जादूच्या खुणेला, दर वेळी २०० सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड जाते. तू तुझ्या नकाशात अकरा ठिकाणी ग्लिफ लिहिलेत म्हणतोस. बावीसशे नाणी! आणि त्यातला एक कोळशाच्या खोलीवर? आपल्याकडचा जादूगार असता तर पहिल्या ग्लिफनंतरच त्याने पूड चाळून परत डबीत भरली असती. दोन ठेव, फार तर तीन, आणि त्याला जे खरंच जपायचंय तिथेच. माझा एक ग्लिफ त्याच्या वहीच्या पेटीवर असतो. पेटी दहा फुटांपेक्षा जास्त हलवली तर ग्लिफ न फुटताच मोडतो, हे नियमात आहे. तेव्हा ती पेटी जमिनीला साखळीने जखडलेली. पेटीला साखळी का, हा प्रश्न ज्याला पडला तो वाचला. न पडला तर पाच आठपैलू फासे, सरासरी साडेबावीस.

राक्षसांबद्दल फार लिहीत नाही, ते तुला जमतात. फक्त सातचे तीन कर आणि इथलेच घे. तळच्या पाण्यात गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत. त्याच्यासाठी खेळाच्या पुस्तकातल्या ‘वॉटर वीअर्ड’ या राक्षसाचे आकडे जसेच्या तसे उचल, तो पाण्यात असताना दिसत नाही आणि आपली जागा सोडून जाऊ शकत नाही, गिऱ्ह्याच्या गोष्टींशी छान बसतं. वर ग्रंथांच्या खोलीत ब्रह्मसमंध, म्हणजे जादूगाराचा मेलेला गुरू. त्याला लढायला लावू नकोस. तो विद्वान आहे आणि वर्षानुवर्षं कोणी वाद घालायला मिळालेलं नाही, त्याला बोलायचंय. प्रत्येक उत्तराला एक चिंचोका जातो. आमच्या बार्डने (भाटाच्या पात्राने) त्याच्याशी नऊ चिंचोके व्याकरणावर वाद घातला आणि खाली पाणी चढत राहिलं. तिसरा, उंबरठ्यावरचा राखणदार. त्याला मान दिला तर वाट देतो. आमच्यातल्या एकाने उत्स्फूर्तपणे उभं राहून देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणत होते. मी फासाच मागितला नाही. अशा वेळी फासा मागणारा माणूस कोकणात गेम मास्टर म्हणून टिकणार नाही.

खुद्द जादूगार शेवटच्या मजल्यावर सिंहासनावर वाट बघत बसलेला नको. त्याला दिनक्रम दे. माझा दुपारी दोन ते चार वामकुक्षी घेतो, भरतीच्या आधी तासभर खाली येऊन तळघराचं दार तपासतो, रात्री दिवा लावतो. पार्टीने एक दिवस किनाऱ्यावर बसून मनोरा न्याहाळला तर हे सगळं त्यांना कळतं. न बसता धडक मारली तर तो जिन्यात समोरासमोर भेटतो, हातात कंदील आणि पायात चपला. ही भेट मी दोनदा खेळवलीये. दोन्ही वेळा पार्टी आधी बोलायलाच लागली.

आता तुझा पुढचा खेळ. पार्टीला पंचांग मिळू दे, एखाद्या कोळणीकडून किंवा जादूगाराच्याच भिंतीवरून, आणि आपला जुना हिशेब त्यांना वापरू दे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालतं. आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही. म्हणजे पार्टीने हुशारीने अष्टमी निवडली तर छताची कालवं कोरडी राहतील आणि खोली छातीपर्यंतच भरेल. त्यांना हे निवडू दे, हट्टाने उधाण लादू नकोस.

तुझं घर खाडीला लागून आहे असं लिहिलंयस. मग खऱ्या अमावस्येच्या रात्री जमा. नऊला बसलात तर पाणी चढतं असेल आणि अकराच्या सुमारास पायरीला लागलेलं ऐकू येईल. गिऱ्ह्याच्या वेळी पंखा बंद कर.